कड्याखालच्या अस्वलिणीचं घर

अँकरेज, अलास्का, २० नोव्हेंबर

ति. डेल्बर्टदादास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेली व्हेलची कातडी पोचली. ऑफिसात डबा उघडला तर सगळे नाक धरून हिंडले, मी मात्र मिटक्या मारत खाल्ली. वहिनीचा गुडघा कसा आहे?

एक काम आहे, रागावू नकोस. आमच्या कंपनीचा तेलविहिरींकडे जाणारा, हिवाळ्यापुरता बर्फ थापून केलेला रस्ता यंदा आपल्या गावाजवळच्या कड्यांखालून आखलाय. पांढऱ्या अस्वलिणीची बर्फाखालची गुहा माहीत असली, की कायद्याने रस्ता मैलभर लांबून न्यावाच लागतो. विमानातून अंगाची ऊब टिपणारा कॅमेरा फिरवला, पण उडत्या बर्फात काही दिसलं नाही. गावात अस्वलं शिरू नयेत म्हणून तू गस्तीवर असतोस, तुला ठाऊक असणार. जागा तेवढी कळव.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी, फ्लॉसी


गाव, ६ डिसेंबर

चि. फ्लॉसीस,
अनेक आशीर्वाद.

संत्री मिळाली. वाटेत गोठली होती, तरी वहिनीने सालीसकट संपवली. गुडघा तसाच, तोंड मात्र ठणठणीत.

पूर्वी अस्वलिणी समुद्रावरच्या बर्फात विणीला बसायच्या. हल्ली तो बर्फ वेळेवर धरत नाही, म्हणून बिचाऱ्या किनाऱ्यावर येतात, आणि इथे तुमचा रस्ता. बाबा सांगायचे, तिच्याविषयी बोललेलं तिला ऐकू जातं. तिचं घर परक्याला दाखवू नये. चाळीस वर्षं मी हे पाळलंय. कंपनीच्या पगारावर जगणारीने मला ते मोडायला सांगू नये.

तब्येतीला जप.
तुझा, दादा


गाव, १० फेब्रुवारी

चि. फ्लॉसीस,
आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात कड्याखाली रस्त्याच्या गाड्या आल्या. दुसऱ्या दिवशी गस्तीवर गेलो, तर अस्वलिणीच्या एकटीच्या पावलांचा माग समुद्राकडे गेलेला. गुहेत दोन पिल्लं होती, मांजराएवढी. एक गार पडलं होतं. दुसरं अंगरख्यात घेऊन निघालो, ते गावात पोचेपर्यंत गेलं.

रस्त्याचा मुकादम म्हणाला, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. तो खरं बोलत होता. मला ती जागा ठाऊक होती, पोरी. बाबांचा शब्द राखला आणि तिची पोरं घालवली. तुलाही टाकून बोललो, ते मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा, दादा


अँकरेज, २४ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस ऑफिसला गेले नाही.

सगळा दोष स्वतःवर घेऊ नकोस. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी मलाही तो कडा दाखवला होता. नकाशावर माझं बोट कितीदा तिथे गेलं. पण तुझ्या तोंडून निघावं, म्हणजे गावात मला कुणी फितूर म्हणणार नाही, म्हणून तुला विचारलं. तू नाही म्हणालास, तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं. तू श्रद्धेपोटी गप्प राहिलास, मी भीतीपोटी.

बाबांनी दाखवलेल्या आणखी तीन जागा आहेत. उद्या सकाळी त्या जागा कंपनीला सांगणार आहे, माझ्या नावानिशी. तुला विचारत नाही, फक्त कळवते आहे. यापुढे घरात घेशील की नाही, ते तू आणि वहिनी ठरवा.

लोभ ठेव असं लिहायला आज हात होत नाही.
तुझी, फ्लॉसी