कोपऱ्यातली ज्वारी

चौथ्या कोपऱ्यातली ज्वारी उपटून वाटेकरी कंबर सरळ करतोय, एवढ्यात ती सरवा वेचणारी मावशी बांधावर येऊन उभी राहिली, बाबा. खांद्यावर गोणपाटाची झोळी. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी दर सुगीला ती येत राहिली, कारण वाटेकऱ्यानं तुमची रीत मोडली नव्हती: सगळं रान काढायचं, चार कोपरे उभे ठेवायचे, ज्याला सरवा, म्हणजे मागं राहिलेली कणसं, वेचायचाय त्यानं वेचून न्यावा. यंदा मीच धाराशिवहून फोन केला. म्हटलं, कोपरे कशाला ठेवता आता, रेशनवर मिळतंय की सगळ्यांना. "तुमचं रान, ताई," एवढंच तो म्हणाला होता.

तिनं रानावर नजर फिरवली. मग त्याला म्हणाली, "लई चकाचक केलंस की रं. पाखरालाबी ठेवलं न्हाईस." सुगीसाठी आलेली मी शेजारीच उभी होते; त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि मी, कॉलेजात मुलांना भाषा शिकवणारी, म्हणाले, "मला काही माहीत नव्हतं, मावशी. त्यानं परस्पर काढली." त्यानं मान खाली घातली आणि कडब्याची पेंढी बांधायला घेतली.

लहानपणी एकदा काढलेल्या रानातली पडलेली कणसं मी फ्रॉकच्या ओच्यात भरून तुमच्यापुढं ओतली होती, शाबासकी मिळेल म्हणून. तुम्ही म्हणालात, "जिथली तिथं टाकून ये." मी रडत एकेक कणीस परत टाकलं. संध्याकाळी चुलीपुढं बसून तुम्ही बायबलातली ती गोष्ट सांगितलीत. परक्या मुलखातली तरणी विधवा, सासूबरोबर आलेली, दुसऱ्याच्या रानात सरवा वेचते. मालक गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम थोडं सांडा, तिला बोलू नका. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "सांडायचं कशाला? सरळ सूपभर द्यायचं की." तुम्ही म्हणालात, "दिलं असतं तर ती दारची राहिली असती. वेचलं म्हणून घरची झाली." मालकाशी लग्न होऊन त्याच बाईला झालेलं पोर पुढं राजाचा आजा झालं, हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा. सरव्याच्या दिवशी तुम्ही परंड्याला निघून जायचात. तिथं काही काम नसायचं. कुणाला तुमच्यासमोर वाकावं लागू नये, एवढंच.

पाळक आले नाहीत की चर्चमध्ये तुम्ही बोलायला उभे राहायचात, आणि बोलणं दर वेळी रानात शिरायचं. आणखी एक वर्ष राहू द्या म्हणून माळी ज्याच्यासाठी रदबदली करतो ते वांझ अंजिराचं झाड. छाटल्यावर फुटणारा द्राक्षवेल. बागेतली रिकामी कबर, आणि उठलेल्या प्रभूला माळी समजून बसलेली ती रडणारी बाई. आपल्या शास्त्रात आशा मातीतून वर येते, असं तुम्हाला वाटायचं. एम.ए.ला असताना मी तुम्हाला म्हणाले होते, बाबा, ही सगळी रूपकं आहेत. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "असतील. पण कोपरा खराच ठेवावा लागतो." मी हे वाक्य वर्गात बऱ्याचदा वापरलं आहे. मुलांना आवडतं.

मी खळ्यावरून टोपलीभर कणसं आणली. "घ्या मावशी."

"ऱ्हाऊ द्या, ताई."

"घ्या हो, तुमचंच आहे."

"वेचलेलं न्यायला काय वाटत न्हाय. दिलेलं डोक्यावर घेऊन गेलं की वाटंवर माणसं इचारत्यात, कुणी दिलं म्हणून." झोळीची घडी घालत ती वाटेकऱ्याकडं वळली. "म्होरल्या साली ठेव रं चार ताटं उभी."

"व्हय," तो पेंढीकडंच बघत म्हणाला.

तिनं मागितलं ते त्याच्याकडं. तिच्या हिशेबी कोपरे मोडणारा तो होता, आणि ठेवले तर ठेवणाराही तोच. माझ्या एका वाक्यानं हे झालं, आणि ते वाक्य मागं घ्यायला ती दिसेनाशी होईपर्यंत वेळ होता. मी टोपली धरून उभी होते. तो कामात होता. नंतर चहा पितानाही आम्ही कडब्याचंच बोललो.

हे तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही उलट विचारणार नाही. जे दोघं विचारू शकतात, ती आणि वाटेकरी, ते त्या रानापासून हाकेच्या अंतरावर राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेकऱ्यानं मला मोटरसायकलवरून फाट्यावर सोडलं. पुढच्या वर्षी कोपरे ठेवायचे का, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, बघू. एस.टी. आली आणि मी चढले.