गाडी डावीकडे ओढते

९ फेब्रुवारी, सोमवार

जगातल्या तमाम शिकाऊ ड्रायव्हरांनो! आपला गुन्हा एकच – आपण शिकाऊ आहोत. गिअर करकरला, आपण. इंजिन बंद पडलं, आपण. मागच्याने हॉर्न वाजवला, तोही आपल्याचमुळे. कचेरीतला नवा कारकून, घरातली नवी सून आणि गाडीतला शिकाऊ – खापर फोडायला डोकी तयार, फोडणाऱ्यांची रांग लागलेली!

हे आज मास्तरांना ऐकवायला हवं होतं. ऐकवलं कागदाला. भरल्या सभागृहात पुढाऱ्यांना फैलावर घेणारी मी, त्या शिकवणीच्या गाडीत बसले की जीभ टाळूला चिकटते.

पुन्हा तेच झालं. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे, फूटपाथकडे जाते. मास्तर ओरडतात, "बाई, हात! हात वळतोय तुमचा." मी स्टिअरिंग आवळून धरते. तरी जाते. "होईल सवयीने," म्हणाले. "वयामुळे हात जरा ऐकत नाहीत."

वय! परीक्षा पुढच्या शुक्रवारी. नापास झाले तर पुढची तारीख कित्येक महिन्यांनी.

११ फेब्रुवारी, बुधवार

सोडून द्यावंसं वाटतंय. म्हणून कशासाठी चाललंय हे, ते एकदा लिहून ठेवते.

माझ्या प्रत्येक सभेला आमच्या ह्यांनीच मला नेलं. कुठली कुठली आडगावं, कसले कसले रस्ते! मी व्यासपीठावर, हे शेवटच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर. भाषण रंगलं की नाही ते मला टाळ्यांवरून कळत नसे, ह्यांच्या बसण्यावरून कळे. मागच्या वर्षी ह्यांची नजर गेली – सगळी नाही, पण समोरचं नीट दिसेना. एके सकाळी गाडीची किल्ली आपणहून माझ्यापुढे ठेवली आणि चहा प्यायला लागले.

त्यानंतर एकदा आयोजकांच्या गाडीतून माझ्याबरोबर आले. घरी आल्यावर म्हणाले, "माझं सामान झालंय गं. इकडून उचला, तिकडे ठेवा." मग येणंच बंद. खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या ऐकतात. जेवणं कमी, बोलणं त्याहून कमी. गेल्या सभेत बोलता बोलता माझी नजर मागे गेली, शेवटची खुर्ची रिकामी दिसली आणि वाक्य अर्ध्यात तुटलं. लोकांना वाटलं, बाई भावुक झाल्या.

मला तो माणूस परत त्या खुर्चीत हवा आहे. बस्स. आमची गाडी अंगणात कव्हर पांघरून उभी आहे. मला लायसन्स मिळालं की निघालो!

वरच्या मजल्यावरून वन्संचा आवाज आला, "वहिनी, भाषणात घसरलात तर टाळ्या मिळतात हो. रस्त्यात नाही मिळत!" ह्यांची सख्खी बहीण शोभते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

उजवा खांदा ठणकतोय. गाडी डावीकडे, मी उजवीकडे. ही शिकवणी की रस्सीखेच?

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज एक वेगळीच गोष्ट झाली.

शिकवणी संपली, मास्तरांनी मला फाटकाशी सोडलं. हे बाहेरच उभे होते. नाक वर करून म्हणाले, "काय जळतंय?"

गॅलरीतून वन्सं, "वहिनी आल्यात ना, मग जळणारच काहीतरी!"

हे हसले नाहीत. गाडीच्या कडेने हात लावत लावत एक फेरी मारली. प्रत्येक चाकाजवळ वाकून, न टेकवता तळहात धरला. पुढच्या डाव्या चाकापाशी चटकन मागे घेतला. "मास्तर, हे भाजतंय की! बाकीची तर कोमट आहेत."

मास्तर म्हणाले, "साहेब, बाई ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतात. तापणारच."

"मग चारही तापायला हवीत. ह्या एकट्यानेच बाईंचं काय घोडं मारलंय?"

वा! इतकी वर्षं मी वादात जो मुद्दा शोधत फिरते, तो ह्यांना उकिडवं बसल्या बसल्या सापडला. मग त्या चाकावरून बोट फिरवून मला दाखवलं – काळीकुट्ट पूड. "आणि गाडी थांबताना खरवडल्यासारखा आवाज येतो. मी इथून रोज ऐकतो. म्हटलं, शिकवणीची गाडी आहे, मास्तरांना ठाऊक असेल."

मास्तरांचा चेहरा पडला. पण चिडले नाहीत. थकल्या आवाजात म्हणाले, "साहेब, शिकाऊ हातात गाडी रडतेच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रडते. कुठलं रडणं तिचं आणि कुठलं बाईंचं, मला आता वेगळं ऐकूच येत नाही."

बघतो, म्हणाले.

मी मात्र तरंगत घरात आले. माझे हात नाहीत! कदाचित माझे हात नाहीतच!

१६ फेब्रुवारी, सोमवार

मास्तरांनी काही बघितलं नव्हतं.

शाळेपुढचा उतार. सुटायची वेळ, खाली मुलं रस्ता ओलांडत होती. मी लांबूनच ब्रेक दाबला. पेडल रोजच्यापेक्षा खोल गेलं, आणि लोखंडी झाकण फरशीवर ओढावं तसा आवाज आला. मास्तरांनी त्यांच्या बाजूचं पेडलही दाबलं. गाडी हिसका देऊन डावीकडे वळली, चाक फूटपाथवर चढलं आणि थांबली. मुलं बरीच लांब होती. कुणाला काही झालं नाही. एक मुलगी पाठीवरचं दप्तर सावरत आमच्याकडे बघत राहिली, तेवढंच.

"हात, बाई, हात!" – मास्तर.

आणि माझी जीभ सुटली.

"बघा मास्तर, हात बघा! स्टिअरिंग मी कुठे वळवलंय? उजवीकडे. गाडी कुठे गेली? डावीकडे. आता सांगा, दोघींत खोटं कोण बोलतंय?"

मास्तर बघत राहिले. खरंच बघितलं. मला वाटतं, पहिल्यांदाच.

मी हँडब्रेक ओढला, किल्ली काढून पर्समध्ये टाकली. "ब्रेक दुरुस्त झाल्याशिवाय ही गाडी इंचभर हलणार नाही. मीही नाही."

"गॅरेजवाला पुढच्या आठवड्याशिवाय हात लावणार नाही. आणि तुमची परीक्षा शुक्रवारी –"

ह्यांना फोन केला. हे शांतपणे म्हणाले, "समोरच्या डॉक्टरीणबाईंकडे ती व्हॅनवाली येते बघ, जागेवर येऊन ब्रेक दुरुस्त करते. थांब, नंबर मागून घेतो." थोड्या वेळाने त्या बाईचाच फोन. "येते. तोवर कुणी शहाणपणा करून गाडी चालवायची नाही. चालवत गॅरेजला नेतो म्हणणाऱ्याला तर आधी खाली उतरवा."

बाकीचं उद्या लिहीन. अक्षर डावीकडे कलतंय – हे मात्र खरोखरच माझे हात.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तर, ती बाई. ठेंगणी, पन्नाशीची, तोंडाचा पट्टा अखंड. व्हॅनचं दार उघडलं तर आत अख्खं गॅरेज. आल्या आल्या विचारलं, "गाडी काय करते?"

मास्तर म्हणाले, "बाईंचे हात –"

"हातांचं विचारलं का मी? गाडीचं विचारलं."

मग मी सांगितलं. ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते. थांबताना खरवडते. जळका वास येतो, एकच चाक तापतं, त्यावर काळी पूड पडते. आणि आज पेडल खोल गेलं.

"झालं की! आता मी फक्त पाने फिरवायचे," ती म्हणाली. "लोक मला 'काहीतरी होतंय हो' एवढंच सांगतात. काहीतरी काय? पोट दुखतं की दात?"

जॅक लावून चाक काढलं आणि आम्हा दोघांना वाकून बघायला लावलं. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून पॅड दाबतात, तो ब्रेक. डाव्या चाकाचे पॅड संपूनच गेले होते, लोखंडावर लोखंड घासत होतं. डिस्कवर खोल रेघा. पॅड दाबणारा जो पंजा असतो, कॅलिपर, तो गंजून अडकला होता. ब्रेक सोडला तरी त्याची पकड सुटत नव्हती.

"एकदा धरलं की सोडायचंच नाही," ती म्हणाली.

"कुणासारखं तरी वाटतं," मास्तर माझ्याकडे न बघता पुटपुटले. मला हसू फुटलं. मग त्यांनाही.

कॅलिपर नवा घातला. डिस्क आणि पॅड दोन्ही बाजूंचे बदलले – "एकाच बाजूचे घातले तर पुन्हा एकीकडे ओढेल." मग नवं ब्रेक ऑइल घालून नळ्यांतली हवा काढायची होती. मला पेडलवर बसवलं, आपण खाली. "दाबा… धरून ठेवा… सोडा. परत दाबा… धरा म्हटलं ना, सोडलंत कशाला?" आयुष्यात कुणाच्या हुकमावर मी इतक्या आनंदाने हलले नसेन.

तिने आधी स्वतः गाडी फिरवून आणली. मग आम्ही दोघं गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. मास्तर म्हणाले, "दाबा. हळू."

दाबला. थांबली. सरळ.

पुन्हा. सरळ! रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून जरासुद्धा हलली नाही. मी हाताची पकड सैल केली. तरी सरळ! मी काच खाली करून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. गोदामाचा पहारेकरी स्टुलावरून उठला, एवढं आठवतं.

फाटकाशी मला उतरवताना मास्तर म्हणाले, "गाडीच होती, बाई." स्वतःच्या चुकीचं काही बोलले नाहीत. मी ते त्यात धरून घेतलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

झोप! गाढ, सलग. घोरत होते म्हणे. पुरावा ह्यांचा एकट्याचा आहे, मी ग्राह्य धरत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पास!!

परीक्षक म्हणजे दगड. शेवटपर्यंत चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "मी हात वर केला की लगेच थांबायचं," म्हणाले. हात वर गेला, मी दाबला, गाडी आज्ञाधारक मुलीसारखी जागच्या जागी थांबली. त्यांच्या मांडीवरचं पेनसुद्धा घरंगळलं नाही. बाहेर मास्तर येरझारा घालत होते. मी हसत उतरले, तर माझ्याआधी त्यांनीच डोळे पुसले.

संध्याकाळी अंगणातल्या गाडीवरचं कव्हर काढलं. हे बॉनेटवरून हात फिरवत किती तरी वेळ उभे. वन्सं म्हणाल्या, "मलाही न्या कधीतरी. मी मागे बसेन, आणि दोन-दोन सीटबेल्ट लावीन."

रविवारच्या सभेच्या आयोजकांना कळवून टाकलं – गाडी पाठवू नका, आम्ही आमच्या गाडीने येतोय. मागच्या रांगेत शेवटची खुर्ची ह्यांच्यासाठी ठेवा.

२२ फेब्रुवारी, रविवार

जाताना हे काच खाली करून, चेहरा वाऱ्यावर धरून बसले होते. शीळ घालत होते! सभागृहाशी गाडी लावली, म्हटलं, चला. हे जागचे हलेनात. "अगं, तू ये जाऊन. मी इथेच बसतो." – "अहो, आणि भाषण?" – "पाठ आहे मला. रागावू नकोस, पण भाषणं मी रस्त्यासाठी ऐकायचो गं. जाताना एक रस्ता, येताना एक. भाषण म्हणजे मधला थांबा."

व्यासपीठावर चढले तरी हसू आवरेना. मी समजत होते, माझा श्रोता गेला. त्याचा तर रस्ता गेला होता, आणि तो मला देता येतो!

तर ऐका हो, वक्त्याबाई. पुढच्या रविवारी सभा घेऊ नका. ह्यांना शेजारी बसवा, लांबचा रस्ता धरा, आणि घरी येईपर्यंत तोंड मिटून गाडी चालवा!