उत्तर येईस्तोवर

आण्णा, डोंगराकडं आभाळ काळं पडलंय, आई मेंढरं घेऊन नदीच्या पात्रात उतरलीय आणि मी बीडच्या ऑफिसात फोनसमोर बसून तुम्हाला लिहितेय. तुमच्यामागं मी शिकले. आपल्या घरातली पहिली पदवी. धरणातून पाणी सुटायच्या आधी काठच्या लोकांना फोनवर इशारा देणारा प्रोग्राम आम्ही लिहितो. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर त्याची आपापली प्रत असते. केलेले बदल सामाईक प्रतीत पाठवायचे. पण पाठवण्याआधी दुसऱ्यांचे बदल उतरवून घ्यायचे, आपल्यात मिसळायचे, मगच पुश करायचं, म्हणजे वर ढकलायचं.

हे मला इथं वेगळं शिकवावं लागलं नाही. पात्रात उतरताना तुम्ही पलीकडच्या कळपाला हाक द्यायचात, उत्तर येईस्तोवर काठी आडवी धरून मेंढरं थोपवायचात. एकदा काकांनी न थांबता सोडली, दोन्ही कळप एक झाले. तुम्ही ओरडलात, "उत्तर ऐकायला काय झालतं बे? आता बस मेंढरांच्या खुणा बघत!"

आमच्या सरांनी आज तसंच केलं. फोन उचलला नाही तर पुन्हा पुन्हा वाजवायचा, हा माझा कालचा बदल. तो उतरवून न घेताच त्यांनी आपली जुनी प्रत जबरदस्तीनं वर ढकलली. माझं काम पुसलं गेलं. धरणावरचा कॉम्प्युटर सामाईक प्रतच चालवतो.

"सर, आता एकदाच फोन जाईल."

"लई घाबरती बाई तू. तुझी प्रत तुझ्याकडं हाय न्हवं? चहा घे, मग टाक परत."

मी चहा घेतला नाही. त्यांचे बदल उतरवले, दोघांनी हात लावलेल्या ओळी वाचून एकेक जुळवल्या, पाठवलं. तोवर इशारा सुटला होता. प्रत्येक नंबरला एकदाच. आईच्या नंबरापुढं लिहिलंय: उचलला नाही.

आता प्रोग्राम तिला सारखा फोन लावतोय. मी कळवल्यावर वस्तीवरचा एकजण फटफटी घेऊन नदीकडं गेलाय. इथून मला आणखी काही करता येत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. हा बदल सगळ्या गावांसाठी आहे, असं मी ऑफिसात म्हणाले होते. पण लिहिताना डोळ्यांपुढं तुम्हीच होतात: पाणी आलं त्या दिवशी पात्रात उभे, आणि काठावरून हाक देणारं कुणीच नाही.

आईचा फोन अजून वाजतोय.