लंकाबाईचं म्हणणं

कोल्हार,
२१ सप्टेंबर

चि. यामिनी,

तुला खूप खूप आशीर्वाद. माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण त्याला विचारतंय कोण! मनमाड रस्त्याचे खड्डे तसेच आहेत. प्रवरेला यंदा पाणी भरपूर आहे.

तुझे तीन फोन आले, मी घेतले नाहीत. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

मार्चमध्ये तू म्हणालीस, "बाबा, आमच्या संघटनेला एखाद्या दूधवाल्या बाईचं म्हणणं हवंय, तिच्याच शब्दांत." मी केवढा हुरळलो! लेक दिल्लीत, बिस्किट कंपन्यांच्या संघटनेत. तिचे कागद थेट मंत्रालयात जातात, आणि तिला या रिटायर मास्तरची मदत लागते! लगेच लंकाबाईच्या ओट्यावर जाऊन बसलो. ती शेण काढता काढता म्हणाली, "उन्हाळ्यात दूध लई आटतं गुरुजी, डेअरीला पुरत न्हाई." तेवढंच लिहून घेतलं. कशासाठी, ते तिनं मला विचारलं नाही आणि मीही तुला विचारलं नाही.

जुलैत परदेशी दूध पावडरीवरचा कर सरकारनं माफ केला. पेपरात तुमच्या निवेदनातला उतारा होता: 'देशात दूध कमी पडतं, असं गावातली शेतकरी बाईच सांगते.' उन्हाळा तेवढा गाळलेला. 

उन्हात रांग लावून मत देते लंकाबाई, आणि मंत्र्याच्या टेबलापर्यंत पोचता तुम्ही. तुम्हाला कुणी निवडून दिलंय गं?

बाहेरची स्वस्त पावडर आली तसा इथल्या डेअरीनं आधी दुधाचा भाव पाडला, मग संध्याकाळचं दूध घेणंच बंद केलं. लंकाबाईनं चारही गाई विकल्या. गोठा धुऊन काढला आणि दिवसभर तिथंच बसून राहिली.

परवा ती कोरा कागद घेऊन आली. "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं हाय. दिल्लीला लिव्हा. म्हनावं, दूध कमी हाय असं कोन बोललं, त्याला आमच्या म्होरं उभं करा."

तुझी आई गेली त्या वर्षी हिनंच रोज तुझ्या वेण्या घातल्या. मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, फक्त तुझं नाव गाळलं. पण तिच्या लक्षात आलंच.

"आपल्या यामिनीनं व्हय?" मी मान हलवली. तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "पोरीला रागवू नका. तिला ठाव नसंल, ते लोक कागदाचं काय करनार ते. इचारा तिला."

म्हणून विचारतो. तुला ठाऊक होतं का?

फोन करू नकोस, लिहून पाठव. पत्र आलं का, म्हणून ती रोज येते, आणि जे येईल ते मला तिला वाचून दाखवावं लागणार आहे. ती अजून तुझीच बाजू घेते आहे, बाळा. मला ती घेता येत नाही.

तुझे,
बाबा