इंजिनाच्या टाकीतलं पाणी

कुर्डुवाडी, २ मार्च १९७३

आईला पिराजीचा सप्रेम जयभीम.

मी बरा हाय. अक्षर माझं न्हाय म्हणून घाबरू नको. भट्टीत कोळसा टाकताना उजवा हात जरासा पोळला, म्हणून माझ्या संगं कामाला असणारा महांतप्पा लिहितोय. डाव्या हातानं काम चालतंय.

आज्यानं ज्या लाइनीवर माती वाहिली, तिच्यावरच माझं इंजिन पळतंय. तेबी त्याच्याच काळातलं. चढाला लई धापा टाकतं, पर थांबत न्हाय.

आपल्या हिरीला पाणी हाय का?

मंगळवारी आमची गाडी येडशीला थांबंल. ड्रायव्हर मागच्यावानी इंजिनाच्या टाकीतलं दोन घागरी पाणी देतो म्हणलाय. ठेसनावर ये.

तुझा पिराजी

ता. क. घागर उचलून डोक्यावर द्यायला ह्या खेपेला आक्काला संगं आण.