वाघाला बाहेर काढताना

दिपू माय,

आधी चहा पी, मग कॉम्प्युटर उघड.

साक्रीच्या ताईबाईला ऐकवायला माझ्या आवाजातली वाघाची गोष्ट हवी होती. जुन्या कॉम्प्युटरची अख्खी डिस्क तू एका फाईलीत बांधून ठेवलीस ना, त्यातून काढायला तू शिकवलेली ओळ काळ्या पडद्यावर लिहिली. शेवटी गोष्टीचं नाव टाकायचं राहिलं अन् बठ्ठ्या, झाडून साऱ्या गोष्टी बाहेर यायला लागल्या. मग तो पडदा विचारे, नव्या फाईलीवर जुनी ठेवू का? मला नीट कळलं नाही, पण विचारणाऱ्याला आपल्यात नाही म्हणत नाहीत. दर खेपेला हो म्हटलं.

सोमवारी कॉलेजात द्यायला तू साफ केलेलं रेकॉर्डिंग गेलं गं. आता तिथे जुनंच आहे, माझ्या खोकल्यासकट.

पांझरा नदीवरचं माकड खिडकीतून आलं अन् त्यानंच बटणं दाबली असं सांगणार होते. पण तुझं तोंड आठवलं अन् जमलं नाही.

मी देवळात बसलेय. राग उतरला की हाक मार. बठ्ठ्या गोष्टी पुन्हा सांगते, न खोकता. वाघही दर खेपेसारखा वाढवणार नाही, तुझी शपथ. फक्त मागच्या खेपेला तो केवढा होता, तेवढं त्या जुन्या रेकॉर्डिंगात ऐकून ठेव.

तुझी आजी