वैमानिकाच्या चरित्राचं शेवटचं पान

बाबा,

अकोल्याच्या ताई गेल्या. तुम्ही ज्यांच्या भावाचं चरित्र लिहिलं होतं, त्या. नव्वदीच्या पुढे होत्या. मागच्या महिन्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. म्हणाली, "सासूबाईनं सांगून ठेवलं होतं, मी गेल्यावर अमरावतीच्या मास्तरच्या पोरीले फोन करजो. आता छापून टाका म्हणा." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि तुम्हाला सांगायला आतल्या खोलीकडे वळले. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, हे दारात पोचल्यावर आठवलं. असं हल्ली होतं. घरात मी एकटीच असते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

तुमची वही कपाटात होती. तिच्यात ताईंच्या वैमानिक भावाचं चरित्र माझ्या तेराव्या वर्षीच्या अक्षरात आहे. तुम्ही शाळेतून येऊन, चहा घेऊन, पाठकोऱ्या कागदांवर लिहायचात, आणि छापखान्यात द्यायची मुद्रणप्रत मी स्वच्छ अक्षरात करायची. पहिली विमानं उडवणारे लोक, मग युद्धातले वैमानिक, सगळे माझ्या हाताखालून गेले. दुसऱ्या मुलींना नद्या पाठ होत्या, मला इंजिनं. लहानपणी अकोल्याजवळ शिवणीच्या धावपट्टीच्या कुंपणाशी उभं राहून तुम्ही लष्करी विमानं उतरताना पाहिली होती, आणि पुढे आयुष्यभर त्यांत बसणाऱ्या माणसांच्या घरी पत्रं पाठवत राहिलात. तुमचे दोन नियम होते. कागदपत्र नसेल ते लिहायचं नाही, आणि घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही. दुसऱ्या नियमासाठी तुम्ही कुठेकुठे जाऊन आलात. एकदा वरूडला एका म्हाताऱ्या वडिलांना सगळं चरित्र दोनदा वाचून दाखवलंत, कारण पहिल्यांदा त्यांना झोप लागली होती.

अकोल्याला मात्र मला घेऊन गेलात. ताईंचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. त्या स्टोव्हपाशी बसल्या आहेत, कढी ढवळून राहिल्या आहेत, तुम्ही उंबऱ्याशी बसून वाचता आहात, आणि मी तुमच्या मागे भिंतीला टेकून आहे. मधेच त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमी कधी बसले काय इमानात?"

"नाही बा."

"मंग येवढं कसं लिवलं?"

"मी भूगोल शिकवतो, ताई. समुद्र बी अजून पाह्यला नाही."

ताई हसल्या. हसता हसताच त्यांनी भिंतीशी उभा करून ठेवलेला पाट दाखवला. "तो दादाचा. दिवाईत भाऊबीजेले मी त्यालेच ओवाळतो. शेजारच्या बाया म्हणतात, चंद्राले ओवाळ. काहून ओवाळू? चंद्राले त्या ओवाळतात ज्यायले भाऊ नाही. मले तर सरकारनं कळवलं का बेपत्ता हाये म्हणून. बेपत्ता म्हणजे हाये कुठीतरी." हे सांगताना त्यांच्या आवाजात रड नव्हती. दुसरं महायुद्ध संपून तीसेक वर्षं झाली होती, आणि त्या दरवर्षी रिकाम्या पाटापुढे निरांजन धरत होत्या.

तुम्ही पुढे वाचू लागलात. त्याचं विमान चालवायला शिकणं, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणं, लोणचं पाठवू नका, बरणी वाटेत फुटते, असं त्यानं घरी लिहिलेलं पत्र. ते ऐकून ताई म्हणाल्या, "फुटलीच होती." मग तुम्ही वही मिटलीत. म्हणालात, "इथपर्यंतच झालं ताई. बाकीचं लिवून राहिलो."

आणि मी म्हटलं, "बाबा, अजून एक पान आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. "तिले काय समजते," असं ताईंना म्हणालात.

"समजते तिले. तिनंच लिवलं ना? वाचा, मास्तर."

ते पान तुम्ही वाचलंत. त्याच्या तुकडीतल्या एका वैमानिकाचं पत्र तुम्हाला मोठ्या खटपटीनं मिळालं होतं. त्यानं ताईंच्या दादाचं विमान टेकडीवर आदळताना आणि पेटताना पाहिलं होतं. कोणी बाहेर पडलं नव्हतं. तुम्ही ते तीन ओळींत लिहिलं होतं आणि शेवटी फक्त 'विमान परतलं नाही' असं होतं. ताईंनी स्टोव्हची हवा सोडली. मग त्यांनी विचारलं, "ज्यानं पाह्यलं तो खोटं बोलत असन काय?"

"नाही वाटत, ताई. त्याले काय फायदा."

"बरं केलं वाचलं." मग मला म्हणाल्या, "बस पोरी जेवाले. कढी थंडी होते."

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "मास्तर, मी हाव तोवर छापू नका. मले समजलं तेवढं पुरे. गावाले कायले पायजे." तुम्ही हात जोडलेत. त्या एका चरित्रासाठी तुम्ही चार वर्षं पत्रव्यवहार केला होता, हे मला ठाऊक होतं.

परतीची एसटी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा तुम्ही मला पेरू घेऊन दिलात आणि म्हणालात, "तुही चूक नाही होय. मीच तुले ते पान द्याले नोको होतं." मी पेरू हातात धरून बसले. तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

दिवाळीनंतर एक पोस्टकार्ड आलं. तुम्ही शाळेत होता, कार्ड माझ्याच हाती पडलं. एवढंच लिहिलं होतं : 'औंदा चंद्राले ओवाळलं. पाट जेवाले घेतला.' तुम्ही आल्यावर मी ते दिलं. तुम्ही वाचलं आणि वहीत ठेवलं. पुढच्या चरित्राची मुद्रणप्रत तुम्ही स्वतः केलीत. त्याच्या पुढचीही. तुमचं अक्षर कंपोझिटरला लागायचं नाही, तुम्ही प्रेसमध्ये जाऊन ओळ न् ओळ वाचून द्यायचात, तरी मला कागद दिले नाहीत. संध्याकाळी तुम्ही लिहीत बसायचात आणि मी समोर अभ्यास करायची. मधे तेच टेबल होतं. पुस्तक निघालं तेव्हा त्यात अकोल्याचा वैमानिक नव्हता, आणि कोणी विचारलंही नाही. माझं लग्न झालं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली, तुम्ही आजारी पडलात, दवाखान्यात मी रात्रंदिवस होते. तेव्हाही आपण पाण्याबद्दल, औषधाबद्दल, उशीबद्दल बोललो.

आता मी ते चरित्र टाइप करून घेतलं. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, कोण वाचणार हे?" मी म्हटलं, माहीत नाही. ताईंच्या सुनेला फोन करून सांगितलं की अकोल्याला येऊन वाचून दाखवते, बाबांची तशी पद्धत होती. ती म्हणाली, "कायले येवढ्या उन्हाची येता ताई, वाटसअपवर टाका ना." टाकलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. सगळं चांगलं आहे, पण शेवट फार साधा वाटतो. शहीद झाले, वीरमरण आलं, असं काही टाका, शाळेत वाटायला बरं दिसेल. तिचं काही चुकलं नाही. ती माया असलेली बाई आहे, सासूचं तिनं शेवटपर्यंत केलं. पण मी म्हटलं, बाबांनी जसं लिहिलंय तसंच राहील. माझा आवाज जरा मोठा झाला. ती म्हणाली, "सासूबाई बी असंच बोलत."

आपल्या अमरावतीच्या बेलोऱ्याहून आता मुंबईचं विमान सुटतं, बाबा. सुरुवातीला महिनाभर गल्लीतले लोक गच्चीवर येऊन पाहायचे, आता कोणी मान वर करत नाही. मी अजून बसले नाही. कोणाकडे जायचं, हेही ठरत नाही.

प्रेसमध्ये द्यायच्या आधी मी सगळं चरित्र मोठ्यानं वाचलं. ऐकायला कोणी नव्हतं, पण नियम म्हणून वाचलं. लोणच्याच्या पत्रापाशी आले आणि थांबले. तुम्ही थांबला होता तिथेच. तेव्हा एक गोष्ट तुम्हाला लिहावीशी वाटली. पाठवायचा प्रश्नच नाही, म्हणून लिहिते.

त्या दिवशी मी लहान होते, मला कळलं नाही, असं मी आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, मुलालाही सांगितलं. तुम्हीही तेच धरून चाललात, किंवा तसं दाखवलंत. पण मला कळलं होतं. ताईंनी पाटाचं सांगितलं तेव्हाच कळलं होतं, आणि तुम्ही वही का मिटलीत हेही कळलं होतं. ते पान मी तीनदा लिहून काढलं होतं. तिसऱ्यांदा त्यात एकही खाडाखोड झाली नव्हती. ते कोणीतरी ऐकावं आणि किती छान लिहिलंय म्हणावं, एवढ्यासाठी मी बोलले.